वडिलांना व्यवहार कळेनासा झालाय, कुलमुखत्यारपत्र आहे, तरी बँक नाही म्हणते. आता काय?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ७८ वर्षांचे, महापालिकेतून निवृत्त झालेले. चार वर्षांपूर्वी, चांगले हिंडतेफिरते असताना, त्यांनी मुलीच्या नावे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून दिलं. गेली दोन वर्षं त्यांना अल्झायमर आहे. पेन्शनचं खातं आणि सगळ्या ठेवी एकट्या त्यांच्याच नावावर आहेत. गेल्या महिन्यात ताई त्यांना बँकेत घेऊन गेल्या. नव्या मॅनेजरनी नाव विचारलं, तर बाबांनी त्यालाच ‘तू कुणाचा रे?’ असं विचारलं. मॅनेजरनी कुलमुखत्यारपत्र परत केलं आणि ‘कोर्टाची ऑर्डर आणा’ म्हणून सांगितलं. त्यातच इमारत पुनर्विकासाला निघाली आहे आणि करारावर बाबांची सही हवी आहे. बिल्डरचा माणूस म्हणतो, अंगठा घ्या, पुढचं आम्ही बघतो. घरात ७१ वर्षांची आई आहे, भाऊ पुण्याला असतो. ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: अमेरिकेत ‘कन्झर्व्हेटरशिप’ म्हणतात (समज नसलेल्या माणसाचे व्यवहार बघायला कोर्टाने पालक नेमायचा) तसं आपल्याकडे काही आहे का, आणि त्यासाठी बाबांना कोर्टात उभं करावं लागेल का.

ताई, मी पंचवीसेक वर्षं फोर्टात वकिली करते आहे आणि त्यातली बरीच वर्षं अशाच घरांची कामं केली आहेत. तुम्हाला ऐकायला बरं वाटणार नाही, पण तो मॅनेजर बरोबर वागला. तुमचं कुलमुखत्यारपत्र खोटं नाही, त्याची नोंदणीही चोख असेल. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की अधिकार देणारा माणूस मरण पावला किंवा त्याची समज गेली की दिलेला अधिकार संपतो. त्यामागचा विचार साधा आहे. बाबांनी तुम्हाला अधिकार दिला तो ‘मला वाटलं तर मी काढून घेईन’ या बळावर. आज ते काढून घेऊ शकत नाहीत, म्हणजे तुमच्यावर लक्ष ठेवणारं कुणी उरलं नाही. काही देशांत समज गेल्यावरही चालू राहणारं मुखत्यारपत्र करता येतं. आपल्या कायद्यात ती सोय नाही. ज्या दिवसासाठी बाबांनी तो कागद करून ठेवला, नेमक्या त्याच दिवशी तो निकामी होतो. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ घरांना हे पहिल्यांदा बँकेच्या काउंटरवरच कळतं आणि त्यांचा चेहरा पडतो, तो मला दर वेळी बघवत नाही.

त्याच कायद्यातलं कलम २०९ मात्र लक्षात ठेवा, कारण ते तुमच्या बाजूचं आहे. अधिकार असा संपला तरी मुखत्याराने सोपवलेल्या गोष्टी जपायच्या, त्यांचं नुकसान होऊ द्यायचं नाही, हे कर्तव्य उरतंच. म्हणजे ठेवींच्या पावत्या सांभाळणं, बँकेला आजाराची लेखी कल्पना देणं, सोसायटीला कळवणं हे तुम्ही आजही करू शकता आणि करायलाच हवं. नवा व्यवहार मात्र करू नका.

आता अंगठ्याविषयी, कारण इथे घाई झाली तर पुढची दहा वर्षं निस्तरावं लागेल. बँकेत अंगठा चालतो हे खरं आहे. हात थरथरतो, पक्षाघात झालाय, माणूस अंथरुणाला खिळलाय अशा खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेने सोय ठेवली आहे: हाताचा किंवा पायाचा अंगठा घ्यायचा, तो बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखायचा, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असायचा. पण ही सोय शरीर साथ देत नसलेल्यांसाठी आहे. काय चाललंय ते माणसाला कळतं आणि फक्त हात चालत नाही, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. तुमच्या बाबांचा हात चालतो; त्यांना कळत नाही. समज नसलेल्या माणसाचा करार कायद्याने करारच नसतो. बिल्डरच्या कागदावर आज अंगठा उठवलात तर सही झाल्यासारखं दिसेल, पण उद्या भाऊ, भावाची मुलं किंवा सोसायटीतला एखादा नाराज सभासद बाबांची औषधांची चिठ्ठी कोर्टात ठेवेल आणि सगळं कोसळेल. माझ्याकडे दादरचं एक घर आलं होतं. आजीच्या हाताला शाई लावून बक्षीसपत्र करून घेतलं होतं, आणि त्याच आठवड्यातल्या डॉक्टरांच्या कागदावर ‘रुग्ण नातेवाइकांना ओळखत नाही’ असं लिहिलेलं होतं. आजी गेली, दोन मावश्या आणि एक मामा एकमेकांशी आजही बोलत नाहीत. ‘आम्ही बघतो’ म्हणणारा माणूस अशा वेळी कोर्टात दिसत नाही.

म्हणून तुमचा खरा प्रश्न, माझ्या मते, ‘बाबांच्या ऐवजी सही कुणाची’ हा नाही. बाबा विचारू शकत नाहीत, मग त्यांच्या पैशांचा हिशोब कोण देणार आणि कुणाला, हा आहे. बँकेला नेमकं हेच उत्तर हवंय. कोर्टाने नेमलेला पालक म्हणजे दुसरं काही नाही: ज्याला खर्च करता येतो आणि ज्याला त्याचा जाब द्यावा लागतो असा माणूस. एकदा असं बघितलं की कोणता मार्ग धरायचा हेही उलगडत जातं.

आधी कोणते मार्ग तुमचे नाहीत ते सांगते, कारण लोक तुम्हाला चारी दिशांना पाठवतील. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा फक्त अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या, मुलांसाठी आहे. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा फार चांगला आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, आणि तुमच्या उपनगराचं ते काम वांद्रे पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं. पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. म्हातारपणी आलेला विस्मृतीचा आजार त्यात बसत नाही. (हे वाचणाऱ्यांत कुणाचं मूल या चारपैकी एका अवस्थेत असेल, तर ते अठराचं झाल्याबरोबर अर्ज करा. अठरा पूर्ण झाली की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व कायद्याने संपतं, हे बहुतेकांना माहीतच नसतं.) कुणी म्हणेल, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो. येतो, पण तो उपचारांच्या निर्णयांसाठी. ठेव मोडायला त्याचा उपयोग नाही. आणि ठेवीवर तुमचं नाव नॉमिनी म्हणून असेल तर ते बाबांच्या पश्चात. ते हयात असताना नॉमिनीला काहीही अधिकार नसतो.

इथे कायद्यातच एक खड्डा पडला आहे. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या जुन्या कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाने चौकशी करून अशा माणसाच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या हक्कांकडे मोठ्या आस्थेने पाहिलं, पण मालमत्तेचं ते प्रकरणच गळलं. माझ्या मते ही मोठी चूक झाली आणि तिची किंमत तुमच्यासारखी घरं मोजताहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये ‘मर्यादित पालकत्व’ आहे, म्हणजे दिव्यांग व्यक्तीने आणि पालकाने परस्परविश्वासाने मिळून निर्णय घ्यायचे. ज्याला थोडं समजतं, ज्याच्याशी बोलून ठरवता येतं, त्याच्यासाठी ते योग्य आहे. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर मी आधी त्याच कलमाचा विचार केला असता.

आज तुमच्यासाठी दार आहे ते उच्च न्यायालयाचं. ज्याचं कुणी ऐकत नाही, ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही, त्याचं पालकत्व शेवटी राज्यसंस्थेकडे, म्हणजे न्यायालयाकडे असतं, हे जुनं तत्त्व आहे. केईएममध्ये वर्षानुवर्षं अचेत पडून राहिलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली याच तत्त्वाचा आधार घेतला होता. कोमातल्या रुग्णांच्या बाबतीत केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पालक कसा नेमावा याची पद्धतच घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० च्या ऑगस्टमध्ये कोमात असलेल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं आणि तिच्या कामावर राज्य विधी सेवा प्राधिकरणाला लक्ष ठेवायला सांगितलं. विस्मृतीच्या रुग्णांच्या मुलामुलींनाही आपलं उच्च न्यायालय याच अधिकारात पालक नेमत आलं आहे. याचिका नेमक्या कोणत्या स्वरूपात दाखल करायची हे तुमचे वकील कागद बघून ठरवतील.

केरळच्या निकालातल्या अटी मी प्रत्येक घराला समजावून सांगते, कारण त्या वाचल्या की कोर्टाच्या मनात काय आहे ते कळतं. रुग्णाची सगळी मालमत्ता याचिकेत उघड करायची. न्यूरॉलॉजिस्ट असलेल्या वैद्यकीय मंडळाकडून तपासणी व्हायची. तहसीलदाराच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने घरी येऊन कुटुंबाची माहिती घ्यायची. पुढेमागे जे वारस ठरतील त्या सगळ्यांना याचिकेत सामील करायचं. पालकत्व सरसकट नाही, आदेशात नाव घेऊन लिहिलेल्या खात्यांपुरतं आणि मालमत्तेपुरतं. आणि दर सहा महिन्यांनी हिशोब. यातली एकही अट तुम्हाला त्रास द्यायला घातलेली नाही. प्रत्येक अटीमागे कुठल्या तरी लुबाडल्या गेलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट आहे.

तुम्ही अमेरिकेचं विचारलंत. तिथे कॅलिफोर्नियात गायिका ब्रिटनी स्पीअर्स २००८ पासून २०२१ पर्यंत अशाच व्यवस्थेखाली होती. ती त्या काळात गात होती, कार्यक्रम करत होती, आणि स्वतःच्या पैशांवर तिचा हक्क नव्हता. म्हणून मी माझ्या पक्षकारांना सांगते, जेवढा अधिकार लागतो तेवढाच मागा. ‘सर्व स्थावर-जंगम मालमत्तेचे सर्व अधिकार’ असं लिहिलेली याचिका न्यायाधीशांना खटकते, आणि खटकायलाच हवी.

तुमच्या बाबतीत मी काय मागेन? पेन्शनचं खातं चालवणं. ठेवी मुदत संपल्यावर नव्याने ठेवणं आणि उपचारांसाठी लागेल तेवढी रक्कम काढणं. आयकराचं विवरणपत्र प्रतिनिधी म्हणून भरणं. आणि पुनर्विकासासाठी वेगळी, स्पष्ट परवानगी: पर्यायी कायमस्वरूपी जागेच्या करारनाम्यावर बाबांच्या वतीने सही करून दुय्यम निबंधकांकडे तो नोंदवणं. हे स्वतंत्र कलम नसेल तर निबंधक कार्यालयात पुन्हा अडाल. त्यातच हेही लिहून द्या की नवी जागा बाबांच्याच नावावर राहील, आणि बिल्डरकडून मिळणारं भाडं नि कॉर्पसची (बिल्डर सभासदांना देतो त्या एकरकमी निधीची) रक्कम बाबांच्याच खात्यात जमा होईल. ही दोन वाक्यं तुम्ही स्वतःहून घातलीत की कोर्टाच्या आणि भावाच्या अशा दोघांच्याही मनातली शंका निघून जाते. जागा विकायची वेळ पुढे आलीच तर त्यासाठी पुन्हा कोर्टात यायचं. आत्ता ती परवानगी मागू नका.

किती दिवस लागतील हे मात्र तुमच्या भावावर जास्त अवलंबून आहे. भाऊ आणि आई दोघांनी ना-हरकत शपथपत्र दिलं तर अशी प्रकरणं माझ्या अनुभवात काही महिन्यांत मार्गी लागतात. भावाने ‘बहिणीच्या मनात काय आहे कोण जाणे’ असं म्हटलं तर ते वर्षावर जातं, आणि वैद्यकीय मंडळ राहतं बाजूला, बहीण-भावाचा जुना हिशोब सुरू होतो. म्हणून वकील गाठायच्या आधी पुण्याची गाडी पकडा. फोनवर नको. गेल्या दोन वर्षांत कुठून किती पैसे काढले, कशावर खर्च केले ते कागदावर मांडून भावासमोर ठेवा. तुम्ही बाबांचं एटीएम कार्ड वापरत असाल, हे मी न विचारताही ओळखते. बहुतेक घरं तशीच चालतात. बँकेच्या नियमात ते बसत नाही आणि पुढे तेच तुमच्यावर उलटू शकतं, म्हणून ते थांबवा आणि झालेला खर्च लिहून काढा. आईला सहपालक करायचं का, यावरही बोला. एकाऐवजी दोघं असले की बँकेत खेपा वाढतात, पण घरातला अविश्वास कमी होतो. कुठली गोष्ट तुमच्या घराला जास्त लागते ते तुम्हालाच माहीत.

कागदांचं म्हणाल तर सध्या एवढे जमवा: मेंदूच्या डॉक्टरांचं अलीकडचं प्रमाणपत्र, ज्यात आजाराच्या नावासोबत ‘आर्थिक व्यवहार समजून निर्णय घेण्याची क्षमता नाही’ हे स्वच्छ लिहिलेलं असेल, जुन्या तपासण्या, पासबुकं, ठेवींच्या पावत्या, पेन्शनचा आदेश, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, बिल्डरच्या कराराचा मसुदा, आणि महिन्याच्या खर्चाचा तक्ता, औषधांपासून दिवसा येणाऱ्या मावशींच्या पगारापर्यंत. डॉक्टरांचं प्रमाणपत्र मी मुद्दाम पहिलं लिहिलं. ‘डिमेन्शिया’ एवढ्या एका शब्दावर कोर्ट पालक नेमत नाही. आजार असूनही व्यवहार कळणारी माणसं असतात. समज मधूनमधून येत-जात असेल तर समज असतानाचा करार कायदाही मान्य करतो. खाजगी प्रमाणपत्र दिलंत तरी कोर्ट सरकारी रुग्णालयाचं मंडळ नेमेल, तेव्हा दोन्हींत तफावत दिसता कामा नये.

खर्चाची चिंता असेल तर एक गोष्ट बऱ्याच जणींना ठाऊक नसते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या क्रमांकावर फोन करून सुरुवात करता येते. मिळणारा वकील कसा असेल हे नशिबावर आहे असं लोक म्हणतात. मी तिथे मनापासून काम करणारे तरुण वकील पाहिले आहेत.

पालक झाल्यावर एक वही घाला. वेगळी, फक्त बाबांची. पैसे आले ते डावीकडे, गेले ते उजवीकडे, बिल मागे डकवायचं. बाबांचे पैसे स्वतःच्या खात्यात एक दिवससुद्धा ठेवू नका, चांगल्या हेतूने देखील नाही. लालबागच्या एका वहिनी नवऱ्याच्या आजारपणात अशी वही ठेवत होत्या. सासरकडून तक्रार झाली तेव्हा आम्ही दुसरं काही केलं नाही, ती वही पुढे ठेवली.

तुमची आई अजून सगळं समजून-उमजून करते आहे ना? मग तिच्यासाठी जे करायचं ते याच महिन्यात करा. तिची खाती तुमच्या जोडीने ‘दोघांपैकी कुणीही एक’ अशी करून घ्या. ठेवीच्या बाबतीत मुदतीआधी मोडायला बहुतेक बँका दोघांच्याही सह्या मागतात, ते आधीच विचारून घ्या. मृत्युपत्र तिला करायचं असेल तर तेही आत्ता. बाबांच्या वेळी हे राहून गेलं, त्यात तुमचा काही दोष नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो तुम्ही सर्वांत खाली, भीत भीत विचारलात. बाबांना कोर्टात उभं करावं लागेल का? साक्षीदारासारखं पिंजऱ्यात नाही. तपासणीसाठी रुग्णालयाच्या मंडळापुढे न्यावं लागेल, आणि प्रवास झेपत नसेल तर घरीच तपासणी व्हावी अशी विनंती आम्ही करतो. न्यायाधीशांना वाटलं तर ते बोलायला बोलावतात, कधी व्हिडिओवर, कधी दालनात. माझे एक पक्षकार निवृत्त शिक्षक होते. न्यायाधीशांनी त्यांना दालनात शेजारी बसवून विचारलं, ‘गुरुजी, पैसे कुणाकडे असतात?’ त्यांनी मुलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘हिच्याकडे. पण दूध मी आणतो.’ आदेशात आम्ही एक ओळ घालून घेतली: महिन्याला ठरावीक रक्कम गुरुजींच्या हातात रोख द्यायची, हिशोब न मागता. ते शेवटपर्यंत रोज सकाळी दूध आणि पेपर आणायला जात होते, मागे दहा पावलांवर मुलगी. तुमच्या बाबांना अजून काय जमतं, त्याची यादी करून वकिलाला द्या. तीही याचिकेला जोडता येते.